मरण कायमचं, तरीही 'एस्तार'

इंग्रजीच्या आधाराने स्पॅनिश शिकणाऱ्याला 'टु बी' या एका क्रियापदासमोर 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं दिसतात. मग कुणीतरी तोडगा सांगतंच: कायमचं असेल तर 'सेर', तात्पुरतं असेल तर 'एस्तार'. हा नियम इतका सुटसुटीत आहे की तो खरा आहे का, हे तपासायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. मरणाहून कायमचं काय असतं? तरी मेलेल्या माणसाबद्दल स्पॅनिशमध्ये 'एस्ता मुएर्तो' म्हणतात. माद्रिद काही स्पेनमधून उठून जाणार नाही, तरी तिथेही 'एस्ता'च. उलट तीन वाजतात ते मिनिटभरासाठी, पण म्हणायचं 'सोन लास त्रेस', म्हणजे सेरचं रूप. तारुण्य सरणारच, तरी 'एस होबेन'.

प्रश्न काळाचा नाहीच. रॉयल स्पॅनिश अकादमीचं २००९चं व्याकरणही वस्तूची ओळख ठरवणारे गुण आणि तिची अवस्था असा भेद करतं. सफरचंद 'एस बेर्दे' म्हणजे हिरव्या रंगाचं, 'एस्ता बेर्दे' म्हणजे अजून कच्चं. मरण ही जिवंतपणा संपून आलेली अवस्था, म्हणून एस्तार. स्थळाचा हिशेब आणखी वेगळा: वस्तू कुठे आहे ते एस्तारने, कार्यक्रम कुठे आहे ते सेरने सांगतात. परीक्षा पाच नंबरच्या वर्गात असेल तर 'एस', परीक्षेचा कागद टेबलावर असेल तर 'एस्ता'. शब्द दोन्हीकडे 'एक्सामेन' हाच.

यावर ठरलेलं उत्तर येतं: नवशिक्याला एवढं पुरे, बारकावे नंतर. पण वेळ सांगणं आणि गाव कुठे आहे ते सांगणं हे बारकावे नव्हेत, पहिल्या काही धड्यांतलीच वाक्यं आहेत, आणि नियम नेमका तिथेच तोंडावर आपटतो. मराठी माणसाला तर इंग्रजीची मध्यस्थी नकोच. 'तो कसा आहे?' हा आपला प्रश्न स्वभावाचाही असतो आणि तब्येतीचाही. स्वभाव विचारायचा तर 'कोमो एस', तब्येत विचारायची तर 'कोमो एस्ता'.

बाकीचे गैरसमज किरकोळ. 'साबेर' माहितीसाठी आणि 'कोनोसेर' फक्त माणसांसाठी, असं नाही. गावाची ओळखही कोनोसेरनेच सांगतात. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून भागत नाही. 'टाइम'साठी 'तिएम्पो' बरोबर, पण किती वाजले ते 'ओरा' आणि 'तिसरी वेळ' यातली वेळ म्हणजे 'बेस'. तेव्हा कोशात शब्दापाशी थांबू नका, खालची उदाहरणवाक्यं वाचा.