‘३-९×४०’ म्हणजे काय? रायफलच्या स्कोपचं गणित आणि शिकारीचा कायदा

परभणी जिल्ह्यात रोही आणि रानडुकरं पिकात घुसली की ‘स्कोपवाली रायफल घ्या’ असा सल्ला देणारे भेटतातच. पण स्कोपवर लिहिलेल्या ‘३-९×४०’ चा अर्थ काय?

३-९ म्हणजे लक्ष्य ३ ते ९ पट मोठं दिसतं. ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता ४० ला पटीने भागा. ४ पटीवर डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत १० मिमी रुंद असतो, ९ पटीवर जेमतेम साडेचार. म्हणजे पट वाढवली की संधिप्रकाशात दृश्य अंधुक होतं आणि आजूबाजूचं कमी दिसतं. रानडुकरं नेमकी अशाच वेळी फिरतात. म्हणून जवळच्या अंतरावर कमी पट बरी.

अंधुक उजेडात रोहीचं पिल्लू आणि काळविटाची मादी यांत गफलत होऊ शकते. कायद्यात मात्र मोठा फरक आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीवर बंदी आहे. पीक नासवणाऱ्या रोही-रानडुकरांसाठी कलम ११ खाली वन विभागाची लेखी परवानगी लागते. बंदुकीचा परवाना वेगळा. काळवीट अनुसूची १ मध्ये असल्याने तिथे पीकनुकसानीचं कारण चालत नाही.

त्याआधीचा मार्ग सोपा आहे: नुकसान झाल्यावर लगेच वन कार्यालयात अर्ज करा, पंचनामा करून घ्या आणि भरपाई मागा.