निर्दय अवकाशातला शांत प्रवासी



गेल्या वर्षीची गोष्ट. अकरावीतला एक मुलगा तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी घुटमळत उभा राहिला. चेहरा पार पडलेला.

"काय रे, पेपर अवघड गेला का?" मी विचारले.

"नाही सर. माझं यान गेलं."

दिवाळीच्या सुटीपासून संगणकावरच्या एका अवकाश-खेळात तो रोज अर्धा तास घालवीत होता. लघुग्रह खोदायचे, खनिज विकायचे आणि पैसे साठवायचे, एवढेच त्याचे काम. सगळी शिल्लक मोडून त्याने खाणकामाचे एक मोठे यान घेतले. तिसऱ्याच दिवशी दोन अनोळखी खेळाडूंनी ते अर्ध्या मिनिटात उडवून दिले.

"मी कुणाच्या वाटेला गेलो नव्हतो, सर. तरी मला का मारलं? माझ्यासारख्यानं हा खेळ खेळूच नये का?"

प्रश्न चांगला होता. भांडणाची हौस नसलेल्या आणि दिवसातला थोडाच वेळ देणाऱ्या माणसाला अशा निर्दय जगात आनंद मिळेल का? उत्तर शोधायला मी स्वतः त्या खेळात उतरलो. एक यान गमावले, दुसरे गमावले, आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या कागदावर जे उतरले ते आज तुम्हांला सांगतो. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनीही वाचावे. यातले निम्मे एका फाशावर करून पाहता येते.

असा आहे हा खेळ

खेळाचे नाव ईव्ह ऑनलाइन. आइसलँड या चिमुकल्या देशातल्या सीसीपी या कंपनीने तो ६ मे २००३ रोजी सुरू केला. चीनमधील खेळाडूंसाठी वेगळी व्यवस्था आहे. बाकी साऱ्या जगातले खेळाडू एकाच अवकाशात वावरतात. त्या अवकाशात सात हजार आठशेच्या आसपास सूर्यमाला आहेत. एकीतून दुसरीत जायला दारे आहेत. खनिज खेळाडूच खोदतात, याने खेळाडूच बांधतात आणि बाजारभावही खेळाडूच ठरवतात.

येथला मुख्य नियम असा, की फुटलेले यान परत मिळत नाही. विम्याचे थोडे पैसे हाती येतात, एवढेच. हा नियम क्रूर वाटतो खरा. पण विचार करा, गावातले एकही मडके कधी फुटलेच नाही, तर कुंभाराने काय करायचे? याने फुटतात म्हणून नवी लागतात, आणि नवी लागतात म्हणूनच आमच्या मुलाने खोदलेले खनिज विकले जाते. शांत खाणकाऱ्याचे पोट लढणाऱ्यांच्या नुकसानीवरच भरत असते!

हे नुकसान केवढे होते ते पाहा. २७ जानेवारी २०१४ रोजी एका मोठ्या संघाकडून एका सूर्यमालेच्या ताब्याचे देणे वेळेवर भरायचे राहिले. त्यातून सुमारे एकवीस तास चाललेली लढाई पेटली. तीत ७,५४८ खेळाडू उतरले आणि सर्वांत मोठ्या जातीची ७५ याने नष्ट झाली. एवढी गर्दी झाली की खेळाचा संगणक हिशेब पुरा करता यावा म्हणून खेळातले घड्याळच संथ करतो, अगदी दहाव्या हिश्शापर्यंत. याला तिथे 'काळाचे प्रसरण' म्हणतात. नाव आइन्स्टाइनच्या सिद्धांतातले, कारण मात्र संगणकाची दमछाक!

पोलीस येतात, पण मागून

प्रत्येक सूर्यमालेला सुरक्षिततेचा एक अंक असतो. तो १.० पासून शून्यापर्यंत आणि त्याखालीही उतरतो. ०.५ किंवा त्याहून अधिक अंक असेल तिथे कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस असतात. आमचा मुलगा अशाच ठिकाणी होता. मग त्याला कोणी वाचवले का नाही?

इथेच नवखा माणूस फसतो. हे पोलीस हल्ला थांबवत नाहीत. हल्ला झाल्यावर काही सेकंदांनी येऊन हल्लेखोराचे यान नष्ट करतात. म्हणजे हल्लेखोराचे नुकसान ठरलेलेच असते, आणि हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे त्याच्यासाठी तुमच्यावरचा हल्ला हा एक सौदा असतो. सौदा म्हटला की गणित आले.

समजा, हल्लेखोरांच्या यानांची किंमत मिळून ४ कोटी नाणी आहे. तुमचे यान फुटले की आतला माल सरासरीने निम्मा जळतो व निम्मा त्यांच्या हाती लागतो. तुमच्याजवळ ६ कोटींचा माल असेल तर त्यांना ३ कोटी मिळतील आणि ४ कोटी गमवावे लागतील. म्हणजे धंदा तोट्याचा. पण माल २० कोटींचा असेल तर? दहा मिळाले, चार गेले, सहा कोटींचा नफा. तुम्ही चांगले की वाईट, हा विचार त्यांच्या हिशेबात कुठेच येत नाही. हल्लेखोरांच्या खर्चाच्या दुपटीहून कमी माल बाळगणे, हे शांत प्रवाशाचे पहिले सूत्र होय. वसमतच्या बाजारात हळद विकून आलेली सारी रोकड एकाच खिशात कोंबून यात्रेच्या गर्दीत कोणी शिरतो का? तसेच हे.

अर्थात, काही जण नफ्यासाठी नव्हे, तर निव्वळ गंमत म्हणून मारतात. त्यांच्यापुढे हे सूत्र चालत नाही. त्यासाठी दुसरे सूत्र.

एक फासा आणि बारा चिंचोके

दोन मित्रांनी प्रत्येकी बारा चिंचोके घ्या. फाशाची प्रत्येक टाक ही एक फेरी. सहा पडले की यान फुटले.

पहिल्याने बाराही चिंचोके देऊन मोठे यान घ्यावे. त्याला सुखरूप फेरीला तीन चिंचोके मिळतील. दुसऱ्याने चार चिंचोक्यांचे छोटे यान घ्यावे आणि आठ शिल्लक ठेवावेत. त्याला फेरीला एकच चिंचोका मिळेल. यान फुटले की शिल्लक देऊन तेवढेच नवे घ्यायचे. शिल्लक पुरली नाही तर खेळ संपला.

सरासरी काढली तर पहिल्याची कमाई फेरीला अर्धा चिंचोका येते आणि दुसऱ्याची एक षष्ठांश. म्हणजे पहिलाच शहाणा ठरतो! पण थांबा. नव्या यानापुरते बारा चिंचोके साठायला पहिल्याला चार फेऱ्या सुखरूप व्हाव्या लागतात. चारही फेऱ्यांत सहा न पडण्याची शक्यता (५/६) चा चौथा घात, म्हणजे ६२५/१२९६. ही निम्म्याहून कमी झाली. म्हणजे शंभरांतले सुमारे बावन्न 'पहिले' चार फेऱ्यांच्या आतच भिकेला लागतात. दुसऱ्याला चार फेऱ्यांत बुडायचे तर तीन वेळा सहा पडायला हवेत. ती शक्यता २१/१२९६, म्हणजे शंभरात दोनहूनही कमी.

आमच्या मुलाची चूक आता कळली ना? त्याला शत्रू भेटले हे खरे. पण त्याने बाराच्या बारा चिंचोके एका यानात घातले होते. जे गमावले तर झोप उडेल ते यान घेऊन बाहेर पडू नये, हा तिथल्या जुन्या खेळाडूंचा पहिला धडा आहे. छोट्या यानाची राख झाली तरी आपण हसून दुसरे घेतो. नुकसान तेच, पण दुःख होत नाही.

जडत्वाशी मैत्री

आता थोडे पदार्थविज्ञान. या खेळातले अवकाश न्यूटनला पसंत पडले नसते. इंजिन बंद केले की यान थांबते! खऱ्या अवकाशात अडवणारे कोणी नसल्याने ते त्याच वेगाने जात राहिले असते. खेळातले यान जणू दाट तेलातून चालते. त्याचा वेग आधी भराभर वाढतो आणि मग कमाल वेगाकडे हळूहळू सरकतो.

संकटातून सुटायचे म्हणजे दूरच्या ग्रहाकडे महावेगाची उडी मारायची. ती मारण्यापूर्वी यानाचे तोंड त्या दिशेला हवे आणि वेग कमाल वेगाच्या पाऊणपट झालेला हवा. याला किती वेळ लागेल? अर्धा वेग गाठायला २ सेकंद लागत असतील, तर उरलेल्या अर्ध्याचा अर्धा गाठायला आणखी २ सेकंद लागतात. अर्धा आणि पाव मिळून पाऊण. म्हणून एकूण ४ सेकंद. वस्तुमान दुप्पट झाले की हा वेळही दुप्पट होतो.

आट्यापाट्या खेळताना पाहा. पाटीवर उभ्या असलेल्याला चुकवून पलीकडे जातो तो चपळ गडी. पैलवान वळेपर्यंत त्याच्या पाठीवर थाप पडलेली असते. अवकाशातल्या दारांशी टपून बसणारे खेळाडूही असेच पाटी धरून असतात. हलके यान तीन-चार सेकंदांत निसटते, तर अवाढव्य मालवाहू यानाला अर्धा मिनिट आणि त्याहूनही अधिक लागतो. खेळाचा संगणक सेकंदाला एकदाच हिशेब करीत असल्याने दोन सेकंदांत उडी मारणारे यान पकडणे जवळजवळ अशक्यच. ज्याला लढायचे नाही त्याने चिलखत वाढवण्याऐवजी वस्तुमान घटवावे, हे आपले तिसरे सूत्र.

शांत माणसांचे पराक्रम

तुम्ही म्हणाल, "सर, पळणे जमले, पण आनंद कुठे आहे?"

तर ऐका. कातिया साए या नावाने खेळणाऱ्या एका खेळाडूने त्या अवकाशातल्या त्या वेळच्या सर्वच्या सर्व ७,८०५ सूर्यमाला पाहिल्या. हे काम मार्च २०१९ मध्ये पुरे झाले. जवळजवळ दहा वर्षे लागली आणि एवढ्या प्रवासात एकही यान गमावले नाही. खेळ चालवणाऱ्यांनी त्या प्रवासाच्या सन्मानार्थ खेळातच पुतळा उभारला. सिग्नल कार्टेल नावाचा शोधप्रवाशांचा एक संघ २०१४ मध्ये स्थापन झाला. अनोळखी विवरांत वाट चुकून अडकलेल्यांना बाहेर काढणे हे त्या संघाने आपले काम मानले. मारणाऱ्यांच्या जगात कोणी तारणारेही असतात, ते असे.

आणखी एक काम तर यानातून बाहेर न पडताही करता येते. २०१६ मध्ये खेळात 'प्रोजेक्ट डिस्कव्हरी' सुरू झाला. मानवी पेशींची खरी छायाचित्रे खेळाडूंना दाखवायची आणि प्रथिन पेशीत कोठे आहे ते ओळखायला सांगायचे. ३ लाख २२ हजार खेळाडूंनी मिळून सुमारे ३ कोटी ३० लाख उत्तरे दिली आणि त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये काम आले परग्रह शोधण्याचे. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित घटतो. गुरूचा व्यास सूर्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढा आहे, म्हणून तो शंभरावा हिस्सा उजेड अडवतो. आलेखातला तेवढा खड्डा डोळ्यांनी हेरायचा. या कामात मिशेल मायोर यांचा सहभाग होता, ज्यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. २०२० पासून कोविडच्या अभ्यासासाठी रक्तपेशींच्या नोंदी तपासण्याचे काम देण्यात आले.

खेळ सोडून आपल्या गावाकडे

या धाग्याचे दुसरे टोक आपल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. औंढा तालुक्यात दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभारली जात आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील. प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल टिपणाऱ्या अशा यंत्राला वाऱ्याचा, मोटारींचा आणि स्वतःच्या विद्युत्-मंडलांचाही त्रास होतो. अमेरिकेतील लायगोच्या नोंदींतला हा गोंगाट ओळखण्यासाठी २०१६ मध्ये 'ग्रॅव्हिटी स्पाय' हा उपक्रम सुरू झाला. त्यात सामान्य माणसे चित्रे पाहून गोंगाटाचे प्रकार वेगळे करतात. 'कबुतरांची जोडी' असे नाव मिळालेला एक प्रकार तर अशा हौशी मंडळींनीच शोधून काढला. तिथे ना यान फुटते, ना नाणी जातात. अर्धा तास आणि सावध नजर एवढेच भांडवल.

मग आमच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? शांत माणसाने त्या जगात जरूर जावे. पण ते जग आपल्यासारखे शांत होईल अशी आशा धरून जाऊ नये. धोका मोजावा, शिल्लक राखावी, यान हलके ठेवावे आणि आपला आनंद दुसऱ्याच्या हाती लागणार नाही अशा गोष्टीत ठेवावा. पाहिलेली सूर्यमाला किंवा ओळखलेला ग्रह कोणी फोडू शकत नाही.

दोन सूचना मात्र पाळा. २०१६ च्या नोव्हेंबरपासून हा खेळ मर्यादित स्वरूपात फुकट खेळता येतो; तेव्हा घरचा एक रुपयाही त्यात घालू नका. दुसरे, रोज आपल्या घड्याळात दुपारी साडेचार वाजता हा खेळ देखभालीसाठी काही मिनिटे बंद होतो. ती मैदानावर जाण्याची घंटा समजा!

तो मुलगा पुढे पुन्हा भेटला. त्याने स्वस्तातले छोटे यान घेतले होते.

"परत उडवलं का रे कुणी?"

"दोनदा, सर," तो हसत म्हणाला. "अजून चार घेता येतील एवढी शिल्लक आहे."