प्रकल्प व्यवस्थापन आणि बांधकामाची कार्यनिष्पत्ती : पानशेत-खडकवासला दुर्घटनेच्या संदर्भात

बांधकामाची कार्यनिष्पत्ती सर्वसाधारणपणे मुदत, खर्च व गुणवत्ता या निकषांवर मोजली जाते. हे तिन्ही निकष कामांच्या क्रमावर अवलंबून असतात, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१९६१ च्या पावसाळ्यात पानशेत येथील मातीच्या धरणाचे बांधकाम अपूर्ण होते. पाणी सोडणाऱ्या विमोचकाचे काम पूर्ण होण्यापूर्वीच धरणात पाणी साठले. विमोचकातील अनियंत्रित प्रवाहामुळे वरचा भराव खचला आणि १२ जुलै रोजी धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातील दगडी धरणही फोडले व पुणे शहर जलमय झाले.

कामांचे परस्परावलंबन मांडणारी क्रिटिकल पाथ पद्धत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विकसित झाली. कोणत्या कामाच्या विलंबाने संपूर्ण प्रकल्प लांबेल, हे तिच्यामुळे आधीच कळते. मात्र थांबण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. धरणाच्या बाबतीत तो घळभरणीपूर्वीच घेणे आवश्यक असते; पाऊस सुरू झाल्यावर साठा रोखणे हाती राहत नाही. इमारतीतही काँक्रीटला पुरेशी ताकद येण्यापूर्वी सेंट्रिंग काढल्यास मुदत साधते, पण स्लॅब धोक्यात येतो.

सारांश, वेळापत्रकात केवळ तारखा नमूद करणे पुरेसे नाही. कोणते काम अपूर्ण असल्यास पुढील काम सुरू होणार नाही आणि ते थांबविण्याचा अधिकार कोणाचा, याचीही नोंद त्यात असणे अगत्याचे आहे.