शंभरी गाठलेल्या मोटारी आणि त्यांना चालते ठेवणारे हात

मुंबईतील ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन’ ही मोटारमालकांची संघटना १९१९ साली स्थापन झाली आणि २०१९ मध्ये तिने शंभर वर्षे पूर्ण केली. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. तिच्या प्रारंभालाही आता साठ वर्षे उलटली. देशोदेशींच्या जुन्या मोटारींच्या क्लबांना एकत्र आणणारी ‘फिवा’ ही जागतिक संघटना १९६६ ची. तिच्या पन्नाशीनिमित्त २०१६ हे वर्ष युनेस्कोच्या आश्रयाखाली ‘जागतिक मोटार वारसा वर्ष’ म्हणून साजरे झाले.

अशा सोहळ्यांचे फोटो आपण वर्तमानपत्रात पाहतो. चकचकीत बॉनेट, पितळी भोंगा, तारांची चाके, मागे हसणारी मंडळी. फोटोखाली मोटारीचे नाव, तिचे साल आणि मालकाचे नाव असते. मात्र सत्तर-ऐंशी वर्षांची ती मोटार त्या सकाळी सुरू कशी झाली, आदल्या रात्री तिच्या इंजिनाजवळ कोण बसले होते, हे त्या ओळीत क्वचितच सापडते. आम्हाला आज त्याच माणसाविषयी बोलायचे आहे. कारण मालक दूरचा असला, तरी मिस्त्री आपल्या नात्यातला, मोहल्ल्यातला, निदान ओळखीतला असतो.

पहिल्या प्रवासातले कारागीर

मोटारीच्या इतिहासाची सुरुवातच या गोष्टीची साक्ष देते. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. लोकांचा मात्र त्या यंत्रावर भरवसा बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेन्झ, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्या मोटारीतून माहेरी निघाल्या. मानहाईम ते फोर्त्सहाईम हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. तेव्हा पेट्रोल पंप नव्हते. वाटेत इंधन म्हणून वापरायचे द्रव्य त्यांनी एका औषधाच्या दुकानातून घेतले. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बाईंनी टोपीला लावायच्या पिनेने ती मोकळी केली. साखळी ताणली गेली, ती लोहाराने नीट केली. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा एका चांभाराने त्यांवर चामडे ठोकून दिले.

जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास असा एका बाईच्या हिमतीने आणि लोहार-चांभारांच्या हातांनी पार पडला. इतिहासाने बेन्झ हे नाव जपले. चामडे ठोकणाऱ्याचे नाव राहिले नाही.

इंग्लंडमध्ये १८९६ पर्यंत मोटारीच्या पुढे एका माणसाने पायी चालावे असा कायदा होता. तो रद्द होऊन वेगाची मर्यादा ताशी १४ मैल झाली, तेव्हा १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारवाल्यांनी लंडन ते ब्रायटन अशी आनंदयात्रा काढली. तिच्या आठवणीत आजही दर नोव्हेंबरात त्या वाटेने १९०५ पूर्वीच्या मोटारी धावतात. जुन्या मोटारी जपणारा तिथला ‘व्हेटरन कार क्लब’ १९३० चा. त्याची शंभरी आता तोंडावर आहे.

आपल्याकडे मोटारी टिकल्या कशा?

मुंबईत मोटारी आल्या १८९८ च्या सुमारास. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या तयार करण्याचा कारखाना काढला. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली, आणि तीच नंतर ‘पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोहोचली.

आणखी एक नाव आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. आज आपण ज्या कंपनीला ‘महिंद्रा’ म्हणतो, ती १९४५ साली ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर धावलेल्या जीपच्या मागे अशी एक भागीदारीची हकिकत आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने परदेशी मोटारींवर कडक बंधने घातली. नुसते भाग जोडून गाड्या विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. जनरल मोटर्सचा मुंबईचा कारखानाही १९५४ मध्ये बंद झाला. पुढची तीस वर्षे देशात प्रामुख्याने अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड अशा मोजक्याच गाड्या होत्या. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. जुन्या परदेशी गाडीचा सुटा भाग तर मिळतच नसे.

मग लोकांनी काय केले? गाडी टाकून देणे परवडणारे नव्हते, म्हणून ती दुरुस्त केली. जो भाग मिळत नव्हता, तो लेथवाल्याकडून घडवून घेतला. एका गाडीचा पंप दुसरीला बसवला. पत्रा सडला की तेवढाच कापून नवा जोडला. परदेशात जे काम कंपनीच्या गोदामातून येणाऱ्या खोक्याने होई, ते आपल्याकडे मिस्त्रीच्या डोक्याने आणि हाताने होई. क्लबांच्या रॅलीत आज ज्या गाड्या दिसतात, त्या धनिकांच्या हौसेने टिकल्या हे खरे, पण त्या टंचाईने घडवलेल्या कारागिरांनी त्या टिकवल्या हेही तितकेच खरे.

कानाने ओळखायचे इंजिन

आजच्या गाडीत बिघाड झाला की तिला संगणक जोडतात. तो दोष सांगतो, मेकॅनिक भाग बदलतो. जुन्या गाडीला असे सांगणारे कोणी नाही. तिथे कान लागतो, नाक लागते, बोटांची ओळख लागते. इंजिन ‘मिसिंग’ करते आहे, ते पेट्रोलमुळे की ठिणगीमुळे, हे उस्ताद बॉनेट उघडण्याआधी आवाजावरून सांगतो. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासून त्यांत नेमके अंतर ठेवणे, टायमिंग बसवणे, कार्बोरेटरचे जेट साफ करून इंजिन मंद आणि एकसारखे चालेल असा स्क्रू फिरवणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे ही कामे पुस्तकात वाचून येत नाहीत. उस्तादाच्या शेजारी पाने हातात देत चार-पाच वर्षे बसावे लागते.

आपल्या घाटांनी या हुनराची चांगलीच परीक्षा घेतली. कशेडी, परशुराम किंवा आंबा घाट चढताना फियाट-अ‍ॅम्बेसेडर तापायची. पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग पंपावर ओले फडके टाकून थांबायचे आणि वाफ निवली की पुन्हा निघायचे. रेडिएटरसाठी पाण्याचा डबा डिकीत असायचाच. हे ज्यांनी पाहिले, त्यांना वेगळे सांगायला नको.

एका गाडीमागे एकच कारागीर नसतो, हेही ध्यानात घ्यावे. इंजिनवाला, डेंटर, पेंटर, वायरिंगवाला, रेडिएटरवाला, लेथवर काम करणारा टर्नर, सीट शिवणारा कुशनवाला असे सात-आठ हुन्नरी लोक मिळून एक जुनी मोटार पुन्हा उभी करतात. रत्नागिरीपासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंतच्या गॅरेजांत पाहा, या कामांत आपल्या समाजातील कितीतरी माणसे पिढ्यान्‌पिढ्या रमलेली दिसतील.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा निरोप

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ‘पद्मिनी’ टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली होती आणि मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची आहे. बातमी सगळीकडे छापून आली, लोक हळहळले, फोटो काढले गेले.

कोकणातल्या अनेक घरांसाठी ही नुसती हळहळ नव्हती. मुंबईत टॅक्सी चालवून गावात घर बांधणारे, बहिणींची लग्ने लावणारे, मुलांना शिकवणारे आपल्याकडे कमी नाहीत. कोणी जहाजावर गेला, कोणी आखातात, कोणी टॅक्सीवर. ती टॅक्सी चालती ठेवणारा गॅरेजवालाही बहुधा आसपासच्याच गावचा असे. टॅक्सी गेली, तसे त्याचे काम गेले. पॉइंट घासणाऱ्याकडे आता पॉइंट घेऊन कोण येणार? आणि तो हुनर शिकायला कोण बसणार?

इथेच आपल्याला आपल्या घरात डोकावावे लागते. सोयरीक जुळवताना “मुलगा काय करतो?” या प्रश्नाला “गॅरेज आहे” असे उत्तर आले की बैठकीत शांतता पसरते. तोच मुलगा आखातात जाऊन गॅरेजातच काम करतो, तेव्हा “दुबईला असतो” म्हणून तो पसंत पडतो. काम तेच, हात तेच. काळ्या झालेल्या नखांची आपण लाज बाळगतो आणि त्याच हातांनी उभी केलेली मोटार रॅलीत निघाली की टाळ्या वाजवतो. हा दुटप्पीपणा आपण सोडायला हवा. हलालाची रोटी कमावणारा हात काळा असला म्हणून हलका होत नाही.

घरात जुनी गाडी असेल तर

आजोबांची जीप, अब्बांची फियाट, चाचांची लँब्रेटा अंगणात किंवा पडवीच्या कडेला उभी आहे, अशी घरे आजही आहेत. भंगारवाल्याला देण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन मूळचे असावे, त्यांत मोठा फेरबदल नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुढच्या फेरनोंदणीची ५,००० रुपये. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. तेव्हा आरसी बुक, विम्याचे जुने कागद, खरेदीची पावती यांतले काहीही फेकू नये. गाडी वारसाने आली असेल, तर ती आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी. भावाभावांत याच कागदांवरून नंतर मने दुखावतात.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्रावरून येणारी हवा खारी. गंज वरून दिसण्याआधी आतून धरतो. दरवाजाच्या खालच्या कडा, फ्लोअरचा पत्रा, चाकांवरचे मडगार्ड ही त्याची पहिली ठिकाणे. प्लास्टिकचा कागद गच्च गुंडाळला की आत दमटपणा साठतो आणि नुकसान वाढते. त्यापेक्षा वर छप्पर आणि चारही बाजूंनी वारा बरा. दरवाजाखालची पाणी निघायची भोके मोकळी ठेवावीत. पावसाळ्याआधी खालचा पत्रा गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून त्यावर गंजरोधक लावावे. बॅटरी काढून ठेवावी. जुने पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने राहू देऊ नये; त्याचा चिकट थर बसून कार्बोरेटर तुंबतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गाडी जपणे प्रत्येकाला जमणार नाही, तशी गरजही नाही. पण ज्या उस्तादाला तिची नाडी कळते, तो आज साठी-सत्तरीत आहे. त्याच्याकडे गाडी न्याल, तेव्हा घरातला दहावी-बारावीचा मुलगा सोबत न्या, मुलीला आवड असेल तर तिलाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याचे प्रमाणपत्र आणि उस्तादाचा हात या दोन्ही गोष्टी एका मुलाजवळ आल्या, तर त्याला काम शोधत हिंडावे लागणार नाही. उस्ताद काम करत असताना मोबाईलवर त्याचे चित्रण करून ठेवा. कोणता आवाज कशाचा, कोणता नट किती आवळायचा, हे त्याच्याच बोलीत राहू द्या.

आणि अशी एखादी जुनी मोटार रॅलीत किंवा लग्नाच्या वरातीत दिसली, तर मालकाला मोटारीचे साल जरूर विचारा. त्यासोबत हेही विचारा की ती चालू कोण ठेवतो. मालक ज्याचे नाव सांगेल, त्याला जाऊन भेटा. बहुतेक वेळा तो जवळच कुठेतरी, पत्र्याच्या शेडखाली, दुसऱ्या एखाद्या गाडीवर वाकलेला सापडेल.