एका अक्षराच्या चुकीचा एकवीस वर्षे पाठपुरावा

अमिताभ बच्चन यांचा ‘पा’ हा चित्रपट डिसेंबर २००९ मध्ये प्रदर्शित झाला आणि ‘प्रोजेरिया’ हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोहोचला. बालवयातच वार्धक्याची लक्षणे दाखविणारा हा जनुकीय आजार जन्माला येणाऱ्या सुमारे चाळीस लाख बालकांपैकी एखाद्यालाच होतो. वाढ खुंटते, केस गळतात, सांधे आखडतात, रक्तवाहिन्या कठीण होत जातात. बुद्धी मात्र शाबूत राहते. उपचारांविना ही मुले सरासरी साडेचौदा वर्षे जगतात आणि बहुतेकांचा अंत हृदयविकाराने वा पक्षाघाताने होतो. या आजारापुढे वैद्यकशास्त्र हतबल आहे, अशीच चित्रपट पाहणाऱ्या अनेकांची समजूत झाली असेल. प्रत्यक्षात तेव्हा अमेरिकेत बोस्टन येथे एका औषधाची चाचणी सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती. ती चाचणी कशी शक्य झाली, तिचा पैसा कोठून आला, ही कहाणी चित्रपटापेक्षा कमी परिचित आहे.

१९९८ मध्ये लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स या डॉक्टर दाम्पत्याच्या सॅम या मुलाला प्रोजेरिया असल्याचे निदान झाले. त्याला दोन वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कारणीभूत जनुक अज्ञात होते, औषध नव्हते आणि या आजारावर पद्धतशीर काम करणारी संस्थाही नव्हती. औषध कंपन्यांना दोष देऊन उपयोग नव्हता. जगभरात एका वेळी जेमतेम काहीशे रुग्ण असलेल्या आजारावर कोणती कंपनी पैसा लावील? १९९९ मध्ये या दाम्पत्याने नातेवाईक व मित्रांच्या साह्याने ‘प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन’ स्थापन केले. गावातील धावण्याची शर्यत आणि ओळखीपाळखीच्यांच्या लहानमोठ्या देणग्या अशा मार्गांनी निधी जमू लागला.

हा निधी कशावर खर्च झाला, ते पाहण्याजोगे आहे. २००२ मध्ये संस्थेने पेशी व ऊतींची पेढी उभारली. ठिकठिकाणच्या मुलांचे रक्त, त्वचेचा लहानसा तुकडा आणि वैद्यकीय नोंदी एकत्र जपून ठेवायच्या आणि मागेल त्या संशोधकाला उपलब्ध करून द्यायच्या, एवढेच तिचे काम. अशा कामासाठी दिलेल्या धनादेशाबरोबर कोणी छायाचित्र काढून घेत नाही! पण दुर्मिळ आजारात संशोधकाची पहिली अडचण पैशाची नसतेच; अभ्यासायला रुग्णच मिळत नाहीत, ही असते.

२००३ मध्ये फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटाला, आणि त्याच सुमारास फ्रान्समधील एका गटाला, या आजाराचे मूळ सापडले. ‘एलएमएनए’ नावाच्या जनुकात केवळ एका अक्षराची चूक होती. ती बहुधा आईवडिलांकडून येत नाही, नव्यानेच घडते. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या केंद्रकाला आधार देते. एरवी त्या प्रथिनाला जोडलेले एक चिकट रासायनिक शेपूट काम संपताच कापले जाते. चुकीमुळे कापण्याची जागाच नाहीशी होते. ‘प्रोजेरिन’ हे सदोष प्रथिन केंद्रकाच्या आवरणाला चिकटून राहते आणि पेशी बिघडते.

येथे दैवाने हात दिला. हेच शेपूट जोडू न देणारी औषधे काही कंपन्यांनी कर्करोगासाठी तयार केली होती. त्यांपैकी ‘लोनाफार्निब’ची चाचणी २००७ मध्ये बोस्टनमध्ये सुरू झाली. संस्थेने तिच्या खर्चाचा मोठा भार उचलला. देशोदेशींची कुटुंबे दर चार महिन्यांनी तेथे येत राहिली. २०१२ मध्ये पंचवीस मुलांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काहींचे वजन वाढले, काहींच्या रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला. सॅमही या चाचणीत होता. जानेवारी २०१४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो गेला. आईवडिलांनी काम थांबविले नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने लोनाफार्निबला मान्यता दिली. हे औषध आजार बरा करीत नाही. अकरा वर्षांपर्यंतच्या नोंदींनुसार आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढते. साडेचौदा वर्षांच्या आयुष्यात अडीच वर्षे म्हणजे किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

या मान्यतेतून पैसाही आला. बालकांच्या दुर्मिळ आजारावर औषध आणणाऱ्या कंपनीला अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने एक सवलतपत्र देऊ केले होते. त्याच्या आधारे दुसऱ्या एखाद्या औषधाची तपासणी लवकर करून घेता येते, आणि ते विकताही येते. आयगर या कंपनीने ते साडेनऊ कोटी डॉलरना विकले आणि आधीच्या करारानुसार निम्मी रक्कम संस्थेला मिळाली. सेवाभावी संस्थेने असे व्यवहार करावेत का, असा आक्षेप कोणी घेईल. प्रस्तुत लेखकाला तो पटत नाही. पहिला धोका देणगीदारांनी पत्करला होता, मग वाटाही त्यांच्या कार्याला मिळायला हवा. २०२४ मध्ये आयगरने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा हे औषध सेंटिनल या कंपनीने विकत घेतले. ती अहमदाबादच्या झायडस समूहाची कंपनी आहे.

आपल्याकडे दुर्मिळ आजार म्हटले की सोळा कोटींचे इंजेक्शन आणि त्यासाठीची लोकवर्गणी आठवते. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात उपचारांसाठी साह्याची तरतूद झाली, पुढच्या वर्षी मर्यादा पन्नास लाखांपर्यंत वाढली, मुंबईच्या केईएम रुग्णालयासारखी केंद्रे नेमली गेली. हे आवश्यकच होते. पण वर्गणी एका बालकाच्या एका औषधासाठी असते; ते औषध ज्यातून निर्माण होते, त्या पेशींच्या पेढीसाठी वा रुग्णनोंदणीसाठी आपण क्वचितच खिशात हात घालतो.

२००९ मध्येच या संस्थेने जगभरातील न सापडलेल्या दीडशे मुलांना शोधण्याची मोहीम हाती घेतली होती. दोन कोटी लोकसंख्येमागे एक हे प्रमाण धरले, तर भारतात सत्तरच्या आसपास आणि महाराष्ट्रात पाच-सहा मुले असायला हवीत. त्यांच्यापैकी कोणाची तपासणी झाली नसेल, तर त्या घरात हा आजार अजून निव्वळ ‘अशक्तपणा’ असेल.