अंडं, काचेची रिंग आणि स्कोप

आकुर्डीच्या हॉस्टेलवर अंड्याचे दोनच प्रकार माहीत असतात : बॉइल आणि भुर्जी. माझंही ज्ञान तेवढंच होतं. पण चिंचवडच्या माझ्या मावसबहिणीनं बारावीला चांगले मार्क पाडले आणि जाहीर केलं, "मला झूऑलॉजी करायचंय. भ्रूणावर रिसर्च." घरात वादळ! मावशी मला म्हणाली, "तू इंजिनिअरिंगची ना, तूच समजाव हिला." मीही शहाण्यासारखं विचारलं, "स्कोप काय?" तिनं एकच नाव घेतलं, डॉ. लीला मुल्हेरकर. मी ते ऐकलंच नव्हतं. म्हणून मुकाट्यानं वाचायला बसले.

भ्रूणविकासाचा मूळ प्रश्न साधा आहे. सुरुवात एकाच पेशीपासून होते, मग त्यातून कुणी मेंदू, कुणी हृदय कसं होतं? १९२४ मध्ये जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या प्राण्याच्या भ्रूणातला छोटा तुकडा दुसऱ्या भ्रूणावर बसवला. तिथं चक्क दुसऱ्या भ्रूणाचा आराखडा तयार झाला, आणि तोही बराचसा यजमानाच्याच पेशींतून! म्हणजे पेशी काय होणार, हे तिचे शेजारीही ठरवतात. याला 'इंडक्शन' म्हणतात. कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९३० च्या दशकात पक्ष्यांच्या भ्रूणातही हे दाखवलं.

याच वॉडिंग्टन यांच्या एडिंबर्गच्या संस्थेत १९५० च्या दशकात मुल्हेरकरबाईंनी काम केलं. कोंबडीच्या भ्रूणात आधी एक रेघ उमटते, तिला प्रिमिटिव्ह स्ट्रीक म्हणतात. त्या रेघेच्या बाजूच्या भागांच्या इंडक्शनवरचा त्यांचा पेपर १९५८ मध्ये आला. ट्रिपॅन ब्लू या रंगद्रव्याचा भ्रूणावर काय परिणाम होतो, यावरचा १९६० मध्ये. पुढं पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी हे शास्त्र रुजवलं.

आता सामान बघा. डेनिस न्यू यांची १९५५ ची पद्धत अशी : अंडं साधारण अठरा तास उबवायचं. मग फोडून, बलकावरचं पातळ आवरण भ्रूणासकट अलगद सोडवायचं. ते वॉचग्लासमध्ये काचेच्या रिंगवर ढोलकीच्या कातड्यासारखं ताणायचं आणि खाली थोडं पांढरं बलक घालायचं. इन्क्युबेटरमध्ये साधारण ३८ अंशाला ठेवलं, की भ्रूण डोळ्यांदेखत वाढतो. ना करोडोंचं मशीन, ना क्लीन रूम. हात मात्र स्थिर हवा आणि धीर हवा. आवरण फाटलं की प्रयोग संपला.

मला सगळ्यात भारी वाटलं ते हृदय. ते दुसऱ्या दिवशीच धडधडू लागतं. त्या वेळी पाय नाहीत, पंख नाहीत. आपल्या चाकणला गाडी पूर्ण जोडल्याशिवाय कुणी इंजिन चालू करत नाही. इथं जोडणी चालू असतानाच इंजिन सुरू, आणि ते एकदाही बंद न करता एकवीस दिवसांत पिल्लू बाहेर!

पुण्यात हे काम पुढंही चाललं. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनी कोंबडीचा भ्रूण आणि हायड्रा, दोन्हींवर संशोधन केलं. म्हणजे बहिणीला लांब जायचीही गरज नव्हती.

मावशीला मी एवढंच सांगितलं, "तिला जाऊ दे." मावशी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बहिणीनं मात्र परवा फोन केला. पहिलं आवरण फाटलं म्हणाली. दुसरं अंडं उबवायला ठेवलंय.