नव्या ट्रकचा आवाज व हमीची मुदत

लक्षण : थंड इंजिन सुरू होताना ऐकू येणारी आणि वंगणतेल वरपर्यंत पोहोचताच शमणारी टकटक बहुधा निरुपद्रवी असते, परंतु इंजिन तापल्यावरही जी टिकते आणि भार वाढताच खोल ठोक्याचे रूप धारण करते, ती बेअरिंग अथवा इंजेक्टरमधील दोषाची सूचना समजून गाडी तत्काळ थांबवणे इष्ट होय.

दस्तऐवज : हैदराबादेत वनस्थलीपुरमनजीकच्या ऑटोनगरात निष्णात मिस्त्री विपुल आहेत, तथापि मुदतीत इंजिन परस्पर उघडल्यास हमी नाकारण्यास कंपनीला सबब मिळते, म्हणून प्रथम अधिकृत सेवाकेंद्रात लेखी तक्रार नोंदवून, तारीख व किलोमीटरचा आकडा असलेल्या जॉबकार्डाची नक्कल दप्तरी ठेवावी.

दाद : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व्यापारी प्रयोजनार्थ केलेली खरेदी वगळली असली, तरी केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका चालवण्यासाठी ट्रक घेणारा मालक ग्राहकच ठरतो, आणि तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून २ वर्षांच्या आत, दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास, स्वतःच्या वास्तव्याच्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे अर्ज गुजरू शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.